तसे ते आमचे कोणी नाहीत

आप्पांच्या घरात मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा बोलल्या जायच्या. तेलुगू आणि दखनी मात्र त्यांना एकेका वाक्यापुरत्याच येत होत्या, आणि ते वाक्य एकच होतं: तुमचं गाव कुठलं? सोलापुरात तेवढ्यावर माणसाचं भागतं. पूर्व भागातल्या मागावरच्या माणसाला "मीदी ए ऊरु?" विचारायचं, रिक्षावाल्याला "कौनसे गाँव के तुम?" विचारायचं आणि पुढचं सगळं मराठीतून, हातवारे करून. समोरच्यानं गाव सांगितलं की दुसरा प्रश्न आडनावाचा आणि तिसरा आईच्या माहेराचा. तिसऱ्या प्रश्नापर्यंत माणूस बहुधा पाव्हणा निघालेला असायचा.

"आईचं म्हायेर इचारल्याबिगर माणूस कळत न्हाय," ते म्हणायचे.

यावर काकूंचं म्हणणं असं होतं की, "ह्यांना रस्त्यात कुत्रं दिसलं तरी त्याचं आजोळ काढतील. आन मग त्याला जेवायला घरी आणतील."

हे काकूंनी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा होतो, हातात पत्र्याची ट्रंक घेऊन. म्हणजे ते बोलणं माझ्याबद्दलच होतं.

आप्पा एसटीत कंडक्टर होते. सोलापूर-बार्शी गाडीवर. मी वैरागचा, डिप्लोमाला नंबर लागला म्हणून त्या गाडीत बसलो होतो. हॉस्टेलला जागा मिळाली नव्हती आणि राहणार कुठे ते घरी कुणालाच ठाऊक नव्हतं. तिकीट फाडताना आप्पांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं. पुढच्या दोन सीटा करून परत आले आणि आईचं माहेर विचारलं. वडाळा येईपर्यंत त्यांनी शोधून काढलं होतं की माझ्या आईची एक मावसबहीण म्हणजे त्यांची थोरली वहिनी. मी त्या मावशीला जन्मात पाहिलेलं नव्हतं. आप्पांना त्याचं काही नव्हतं. सोलापूर स्टँडवर उतरल्यावर त्यांनी माझी ट्रंक सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि म्हणाले, "चल घरी. तुझी काकू वाट बघत आसंल." काकू कशी वाट बघत असेल, तिला मी या जगात आहे हेच माहीत नव्हतं. तरी त्या घरात, साखर पेठेतल्या दोन खोल्यांत, मी तीन वर्षं राहिलो. जेवलो, आजारी पडलो, नापास झालो, पास झालो.

हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे जे लिहायचं आहे त्याच्या आधी हे कागदावर असलेलं बरं.

आप्पांच्या मते नातं तीन ठिकाणी सापडतं: रक्तात, लग्नात नाहीतर गाडीत. गाडीतलं नातं म्हणजे रोज त्याच गाडीनं येणारी माणसं. दूधवाले, मास्तर, बाजाराला जाणाऱ्या बाया. सुट्टीच्या दिवशी आप्पा या तिन्ही प्रकारच्या पाव्हण्यांकडे जायचे आणि मला सायकलवर डबलसीट न्यायचे. आधी कळवून कधीच जायचे नाहीत.

"सांगून गेलं की त्यांनी घर आवरायचं, आपुन कापडं आवरायची. मग भेटायचं कुणी कुणाला?"

कुठेही गेलं की एकच चहा. दुसरा आला की उठायचं. आणि निघताना घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला ते माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "हा आमचा पोरगा. वैरागचा." वैरागचा पोरगा साखर पेठेतल्या माणसाचा कसा, असं कुणीही विचारलं नाही. सोलापुरात हे चालून जातं.

मी पुढे पुण्याला गेलो, तिथून इंग्लंडला. उत्तरेकडचं एक लहान गाव. तिथे मी अकरा वर्षं राहिलो. त्या अकरा वर्षांत मी कुणाकडे न सांगता गेलो नाही आणि सांगूनही फारसा गेलो नाही. बायकोची सख्खी बहीण दोन तासांवर राहत होती. तिच्याकडे जायचं ठरायचं, मग मला काम निघायचं. मला वाटायचं, परदेशात राहायचं तर स्वच्छ राहावं. मागचं काही चिकटलेलं दिसू नये. असं मी कधी बोलून दाखवलं नाही. मी बोलून काहीच दाखवत नसे.

आप्पा रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हा बायकोनंच आग्रह धरला की त्यांना आणि काकूंना बोलवायचं. तिला सासू-सासरे नव्हते, आणि लग्नात तिच्या पाठीवरून हात फिरवणारे आमच्या बाजूचे तेच दोघं होते. ते आले. बरोबरच्या दोन बॅगा कपड्यांच्या नव्हत्याच. एकीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी, दुसरीत चादरी. ज्याच्याकडे जायचं त्याला चादर द्यायची, असा हिशोब. मी म्हटलं, "आप्पा, इथे आपल्याला दहा चादरी द्यायला दहा घरं नाहीत."

"निघतील की," आप्पा म्हणाले.

येताना विमानात शेजारच्या मुलाकडून त्यांनी पाचव्या भाषेतलं वाक्य शिकून घेतलं होतं. "व्हिच व्हिलेज?" विमानतळावर शिक्का मारणाऱ्या साहेबानं त्यांना कशासाठी आलात म्हणून विचारलं, तेव्हा आप्पांनी त्यालाच "व्हिच व्हिलेज?" विचारलं. काकू सांगत होत्या, तो आधी दचकला आणि मग त्यानं आपलं गाव सांगितलं. "लई लांबचा हाय बिचारा. रोज जाऊन येऊन करतो म्हणं."

तिसऱ्या दिवशी आम्ही टॅक्सीनं बाजारात निघालो. आप्पा ड्रायव्हरच्या शेजारी बसले. मी त्या टॅक्सीतून वर्षानुवर्षं स्टेशनला जात होतो. नेहमी मागे बसायचो आणि लॅपटॉप उघडायचो. आप्पांनी दार लावून घेतलं आणि विचारलं, "व्हिच व्हिलेज?"

"इंडिया, अंकल."

"इंडिया हाय ते दिसतंय की. इंडियात कुटं? कौनसे गाँव के तुम?"

ड्रायव्हरनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "सोलापूर. नई जिंदगी मोहल्ला."

आप्पांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की जणू तो माणूस मीच इतकी वर्षं लपवून ठेवला होता. बाजार येईपर्यंत त्या ड्रायव्हरचे, म्हणजे सलीमभाईंचे, आजोबा सापडले. ते बकऱ्या घेऊन वैरागच्या बाजाराला आप्पांच्या गाडीनं यायचे. "मी म्हणायचो, तुझं तिकीट फाडतो, बकरीचं काय करू? तर म्हणायचा, आप्पा, ती हुबी ऱ्हाती, तिला शीट नको." सलीमभाईंनी गाडी कडेला घेतली आणि डोळे पुसले. "नाना कायमच बोलते थे ये बात. आप्पा, तुम सच्ची उनकू पैचानते?" पहिली चादर तिथेच गेली.

त्या तीन महिन्यांत आम्ही जेवढे फिरलो तेवढे अकरा वर्षांत फिरलो नव्हतो. मेहुणीकडे तर न सांगता गेलो. दोन तासांवर राहते आणि चार वर्षांत गेला नाहीत, हे ऐकून आप्पांनी शांतपणे विचारलं होतं, "मधी नदी-बिदी हाय का काय?" मेहुणीनं दार उघडलं तेव्हा तिच्या डोक्याला मेंदी होती. ती तशीच बायकोच्या गळ्यात पडली आणि दोघींच्या गालाला मेंदी लागली. मग आप्पांनी पहिला चहा घेतला. मेहुणी दुसरा करायला उठली तेव्हा आप्पाही उठले. काकूंनी त्यांच्या सदऱ्याला धरून खाली बसवलं. "गाडी सुटत न्हाय तुमची. गप बसा." आम्ही तिथे दोन दिवस राहिलो. बायको परतीच्या वाटेवर गाणी म्हणत होती. मी तिला इतकं खुशीत बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि हे मला आत कुठेतरी टोचलं, ते मी कुणाला सांगितलं नाही.

आता ती गोष्ट.

एका शनिवारी आम्ही समुद्रावर गेलो. ऊन पडलेलं होतं, वारा बोचरा होता. आप्पांनी माकडटोपी घातलेली, धोतरावर माझं जुनं जॅकेट. वाळूच्या वरच्या बाजूला गवत होतं, त्यावर त्यांनी चादर अंथरली आणि काकूंनी भाकरी मोडून त्यावर चटणी, दही, कांदा असं सुरू केलं. आमची मुलगी तेव्हा सहा वर्षांची. ती आप्पांच्या मांडीवर बसून भाकरीचा कुडुमकुडुम आवाज करत होती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला आप्पा हात करून "या जेवायला" म्हणत होते. लोक हसून पुढे जात होते. एक जोडपं मात्र थांबलं. ते आमचे साहेब होते, माझ्या खात्याचे प्रमुख, आणि त्यांची बायको.

मी उभा राहिलो. आप्पा बसूनच म्हणाले, "या, बसा की. व्हिच व्हिलेज?"

साहेबांना हा प्रश्न बहुधा अनेक वर्षांत कुणी विचारला नव्हता. ते गुडघ्यावर बसले आणि आपल्या गावाबद्दल सांगायला लागले. वडिलांची मेंढरं होती वगैरे. आप्पांना शब्दही कळत नसेल, पण "व्हय, व्हय" करत होते आणि साहेबांच्या बायकोच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवत होते. चटणीनं तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं आणखी मागितली. मग साहेबांनी मला विचारलं, "तुझे वडील का?"

मी म्हणालो, "नाही, नाही. तसे ते आमचे कोणी नाहीत. गावाकडचे ओळखीचे आहेत."

का म्हणालो? याचं एखादं मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. बढती अडली होती, असं काही नव्हतं. मला त्या माकडटोपीची लाज वाटली, चादरीवर सांडलेल्या चटणीची लाज वाटली, एवढंच. आणि वाईट म्हणजे, वाक्य तसं खोटंही नव्हतं. आईच्या मावसबहिणीचा दीर. कुणाला सांगायला जावं तर कोणी नाहीच.

संध्याकाळी बायकोनं विचारलं, "हे तू काय बोललास?"

"तांत्रिकदृष्ट्या..."

"तांत्रिकदृष्ट्या मीही तुझी कोणी नाही," ती म्हणाली. "कागद तेवढा आहे."

आप्पा मात्र जसे होते तसेच राहिले. रविवारी दोघं सलीमभाईंकडे जेवायला गेले, खुशीत परत आले. महिन्याभरानं सोलापूरला गेले. दहाच्या दहा चादरी संपल्या होत्या. विमानतळावर त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला, आणि मला तो हात सहन झाला नाही.

त्यानंतर सात वर्षं मी त्यांच्यासमोर गेलो नाही. दोनदा भारतात आलो, दोन्ही वेळा वैरागहून बार्शीमार्गे परस्पर पुण्याला गेलो. फोन मात्र व्हायचा. "यंदा बी न्हाय जमलं व्हय? आसूं दे, आसूं दे," आप्पा म्हणायचे. माणसानं रागवावं तरी. इंग्लंडातली ती नोकरी मी सोडली, दुसऱ्या गावाला गेलो. सात वर्षांत ते आठवलं नाही असा एक दिवस गेला नाही वगैरे मी लिहिणार नाही. पुष्कळ दिवस तसे गेले. पण कुठे कुणी भाकरी मोडली की तो आवाज यायचा.

या जानेवारीत बायको म्हणाली, "मी सोलापूरला चाललेय. तुला बार्शीमार्गे जायचं तर जा." मी तिच्याबरोबर गेलो.

आप्पा आता ऐंशीच्या पुढे गेलेत. ऐकू नीट येतं, दिसतं कमी. त्यांच्या पुतण्याचं होटगीकडे शेत आहे, तिथे दुपारी हुरडा होता. आगटीपाशी चादर अंथरून आप्पा, काकू, बायको आणि मी असे चौघंच बसलो होतो. पुतण्या कणसं भाजून देत होता आणि पुन्हा ज्वारीत जाऊन नवी कणसं आणत होता. आप्पा तळहातावर गरम कणीस चोळून दाणे काढत होते, फुंकर मारून तूस उडवत होते आणि पहिली ओंजळ माझ्या हातात देत होते. ती ओंजळ हातात घेऊनच मी म्हणालो,

"आप्पा, एक सांगायचं होतं."

"सांग की."

"त्या दिवशी समुद्रावर साहेबांनी विचारलं होतं, हे तुझे कोण. मी सांगितलं, कोणी नाहीत."

"व्हय," आप्पा म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"मला इंग्रजी कुटं येतंय. पर चौतीस वर्सं तिकिटं फाडली रं. बिगरतिकिटाचा माणूस मला बघितलं की खिडकीभाईर बघतो. झाडं बघतो, डोंगर बघतो. लई आवड त्याला. तू तसा समुद्र बघत हुतास."

बायको हसली.

"मग बोलला का नाहीत मला?"

"तुला काय बोलायचं? मला काळजी येगळीच लागली. पोरगी माझ्या मांडीवर बसून आजोबा, आजोबा करतीय. तुझी काकू तुला बळंच भाकरी चारतीय. आन तू म्हणतोस कोण न्हाय. सायेब काय आंधळा हाय का? घरी जाऊन बायकूला म्हणणार, हा माणूस खोटा हाय. मग उद्या हापिसात तुझ्यावर कोण इस्वास ठेवंल? म्हणून ऐतवारी सलीमला घेतला आन गेलो त्याच्या घरी."

"कुणाच्या?"

"सायबाच्या. सलीमला गावातलं घर न् घर म्हाईत, आन इंग्रजी बी त्यालाच. चटणी घेऊन गेलो, चादर घेऊन गेलो. बाईला आवडली हुती चटणी."

"आणि सांगितलंत काय?"

आप्पा जरा घुटमळले. काकूंनी त्यांच्याकडे बघून म्हटलं, "थाप मारली. सरळ सांगा की."

"थाप न्हाय. रीत सांगितली."

"काय रीत?"

"म्हणलं, आमच्याकडं जो लई जवळचा आसतो ना, त्याला परक्यापुढं आपला म्हणत न्हाईत. दिष्ट लागती. बापाला बाप म्हणत न्हाईत, लेकाला लेक म्हणत न्हाईत. कुणी इचारलं तर म्हणायचं, हा आमचा कोण न्हाय. पोराच्या मनात लई माया हाय, म्हणून तसं बोलला."

"अशी कुटं रीत हाय?" काकू म्हणाल्या.

"आता हाय," आप्पा म्हणाले आणि पुढचं कणीस घेतलं.

एक गोष्ट मी वर लिहिली नाही. लिहायची नव्हतीच. मी ती नोकरी सोडली तेव्हा निरोपाच्या जेवणात साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "हा माणूस माझा कोणी नाही." लोक गोंधळले. साहेबांचे डोळे ओले होते. मला वाटलं, यांना माझं खोटं कळलंय आणि ते मला चारचौघांत टोमणा मारतायत. त्यानंतर दर नाताळाला त्यांचं कार्ड येतं. आत एवढंच असतं: "तुझा अजिबात कोणी नसलेला," आणि खाली सही. मी ती सगळी कार्डं बायकोला न दाखवता एका खणात टाकलेली आहेत. खण उघडायचीही मला भीती वाटायची.

हे मी आगटीपाशी सांगितलं. बायकोनं आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग काकूंच्या मांडीवर डोकं टेकून हसायला लागली. आप्पा इतके हसले की हुरड्याचे दाणे ओंजळीतून सांडले. काकू त्यांच्या पाठीवर थोपटत राहिल्या. "ठसका लागंल. हसायचं वय ऱ्हायलं का आता."

हसू आवरल्यावर आप्पांनी विचारलं, "मग तू काय उत्तर धाडतोस त्याला?"

"काही नाही. मी कधी उत्तरच दिलं नाही."

आप्पांचं हसू थांबलं. सात वर्षांत मला त्यांच्याकडून जी नजर हवी होती, ती आत्ता मिळाली.

"म्हणजे तो माणूस दर वर्साला तुला आपला म्हणतोय," ते म्हणाले, "आन तू त्याला खणात टाकतोयस."

मी हातातला हुरडा चादरीवर ठेवला.

"फोन लाव."

"आत्ता? आप्पा, तिकडे सकाळ असेल. न सांगता कसा..."

"लाव म्हणतो न्हवं."

मी फोन लावला. बायकोनं माझ्या हातातून घेऊन स्पीकरवर टाकला आणि चादरीवर मधोमध ठेवला. बराच वेळ वाजत राहिला. मग साहेबांचा आवाज आला, आता म्हातारा झालेला. मी नाव सांगितलं. जे इंग्रजी पाठ होतं ते सगळं मी विसरलो. मी म्हणालो, "सर, मी सोलापूरला आलोय. माझ्या काकांशेजारी बसलोय. तुम्हाला समुद्रावर भेटले होते ते. ते माझे काका आहेत. मी त्यांच्या घरी वाढलो. मला तुम्हाला हे सांगायचं होतं."

आप्पांना भाषा कळत नव्हती, पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांच्याकडेच बघत बोललो.

फोनमध्ये खुर्ची सरकल्यासारखा आवाज झाला. दार लावून घेतल्याचाही झाला. मग साहेब अगदी दबक्या आवाजात, काळजीनं म्हणाले, "अरे, हळू बोल जरा. आसपास कुणी परकं ऐकत तर नाही ना?"

मी आगटीभोवती पाहिलं.

"नाही," मी म्हणालो. "सगळी घरचीच आहेत."